सावडीचा तारा

खालापूरला ज्यांच्या घराच्या माडीवर माझा कॉम्प्युटर क्लास होता, त्या घरमालकांचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला मोठ्या मनाची समजणार नाही. हेवा त्यांच्या घराचा नव्हता, पेन्शनचाही नव्हता. एक गोष्ट मी चार वर्षं अकरा डेस्कटॉप राबवून मिळवू बघत होते. ती त्यांना परातीत ठेवलेल्या चौदा फुटक्या मोबाइलांमधून मिळाली.

ती गोष्ट काय, ते नीट सांगायला हवं. काही शास्त्रज्ञांकडे आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींच्या नोंदी ढिगाने पडलेल्या असतात आणि त्या तपासायला यंत्रं पुरत नाहीत. मग ते त्या नोंदींचे तुकडे करून लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरना वाटतात. आपण एक प्रोग्रॅम टाकून ठेवायचा. आपलं यंत्र रिकामं असलं की ते एक तुकडा उतरवून घेतं, तपासतं आणि उत्तर परत पाठवतं. याचे पैसे मिळत नाहीत. एकच तुकडा दोन वेगळ्या माणसांच्या यंत्रांना जातो आणि दोघांची उत्तरं जुळली तरच ती धरतात. शोध चालतो तो स्वतःभोवती गरगर फिरणाऱ्या मेलेल्या ताऱ्यांचा. असा नवा तारा ज्या दोन यंत्रांना सापडेल, त्यांच्या मालकांची नावं शास्त्रज्ञ आपल्या शोधनिबंधात छापतात.

मला ते नाव हवं होतं. मी कर्जतला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. पुढे शिकायचं होतं, ते झालं नाही. लग्न झालं, टायपिंगचा क्लास काढला, टायपिंग संपलं तेव्हा त्याच खोलीत कॉम्प्युटर आणले. याबद्दल मी कधी रडत बसले नाही. पण मुलं गेली की अकराही यंत्रं त्या कामाला लावायची आणि मग कुलूप घालायचं, हा माझा चार वर्षांचा नेम होता आणि तो मी कोणाला सांगितला नव्हता.

घरमालकांना मी काका म्हणायचे. ते खोपोलीच्या वीजघरात पाळ्या करून निवृत्त झाले होते. निवृत्त झाले, पण पाळी सुटली नाही. ते चोवीस तासांच्या घड्याळाने जगायचे. चहाला बोलवायचं तर "सतरा वाजता ये" म्हणायचे. एसटी स्टँडवरचे रिक्षावाले नुसती गंमत म्हणून त्यांना वेळ विचारायचे आणि काका गंभीरपणे "पंधरा बेचाळीस" असं सांगून पुढे जायचे. वीज त्यांनी कधी युनिटमध्ये मोजली नाही. ती ते पाण्यात मोजायचे. कोणी दिवसा दिवा चालू ठेवला की म्हणायचे, वर धरणातलं पाणी घाटावरून खाली उडी मारतंय ते काय ह्याच्यासाठी? माझ्या क्लासच्या मुलांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की माउस हलवलात की डोंगरावरून एक तांब्या पाणी सांडतं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात निम्मी मुलं माउसला हात लावायला घाबरायची आणि मला शिकवणं अवघड व्हायचं.

त्यांची आणखी एक खोड होती. दिवसातून एकदा ते माडीवर यायचे आणि प्रत्येक कॉम्प्युटरच्या डब्याला मागून तळहात लावून पुढे सरकायचे, डॉक्टर वॉर्डातून फिरतात तसे. एकदा सात नंबरपाशी थांबले आणि म्हणाले, "बाय, हिला ताप हाय." मी हो हो म्हटलं आणि कामाला लागले. महिन्याभराने माझ्या लक्षात आलं की सात नंबरने पाठवलेली उत्तरं जुळतच नव्हती. ओळीने सगळी नापास. उघडून बघितलं तर आतला पंखा धुळीने गच्च झाला होता. यंत्र तापून चुकीची गणितं करत होतं. मी महिनाभर आकडे बघत बसले होते आणि त्यांना ते तळहाताला कळलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांना माझा उद्योग कळला तो पडद्यावरच्या चित्रावरून. यंत्र काम करत असलं की पडद्यावर आकाशाचा गोल फिरत राहतो. एका संध्याकाळी मी कुलूप लावायच्या बेतात होते तेव्हा ते आले. मुलं गेली तरी यंत्रं चालू कशी, असं विचारलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, पाण्यावरून भाषण ऐकावं लागणार. पण ते खुर्ची ओढून बसले आणि दोनच प्रश्न विचारले. काम कोणाचं? मजुरी नाय? मग म्हणाले, "म्हंजे सावड हाय."

आमच्या भागात लावणीला माणसं कमी पडली की सावड करतात. आज माझ्या शेतात तुम्ही राबायचं, उद्या तुमच्या शेतात मी. मजुरी नाही, नुसतं जेवण. मला जे समजून घ्यायला इंग्रजी माहितीची दहा पानं लागली होती, ते त्यांनी एका शब्दात उरकलं. मला घरी जायची घाई होती म्हणून मी म्हटलं, हो काका, सावडच. तिथे माझी चूक झाली. सावडीत आपल्या शेतात कोणीतरी परत येतं. ह्यात कोणी येत नाही. हा फरक मी तेव्हा सांगायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी ते एक जुना मोबाइल घेऊन आले. पडद्याला तडे गेलेले, पण चालू. म्हणाले, ह्याला लाव सावडीला. मला हसू आलं. मोबाइलवर तो प्रोग्रॅम चालतो हे मला माहीत होतं, पण माझं यंत्र दीड तासात उरकतं त्या तुकड्याला तो मोबाइल अख्खा दिवस घेणार होता. तसं मी सांगितलं. ते म्हणाले, म्हाताऱ्या बायकापण लावणीला येतात, त्यांना कोणी घरी पाठवत नाय.

खातं उघडायला ईमेल लागतो. तो घ्यायला ते तयार नव्हते. मला पत्ता आहे, घर खालापुरात आहे, ज्याला लिहायचं त्याने पोस्टाने लिहावं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी त्यांचा मोबाइल माझ्याच खात्याला जोडून दिला. नेटही माझंच वापरलं.

दोन महिन्यांत त्यांच्याकडे चौदा मोबाइल झाले. लोक घरात पडलेले हँडसेट आणून द्यायचे. ज्याचा मोबाइल त्याचंच नाव ते त्याला ठेवायचे, आणि तसंच मला प्रोग्रॅममध्येही लिहायला लावायचे. एक मोबाइल तलाठी होता, एक कंडक्टर, एक चौक गावचा गॅरेजवाला. एक होता जनी. जनी ठाकूरवाडीची. डोंगरावरून रानभाज्या घेऊन यायची आणि आमच्या जिन्याच्या पायरीवर बसून विकायची. तिचा मोबाइल बोलताना मध्येच बंद पडायचा. काकांनी तो घेतला आणि आपला बरा मोबाइल तिला दिला.

मोबाइल तापायला लागले तेव्हा त्यांनी केलेली व्यवस्था मी आजवर दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. घंगाळात पाणी, पाण्याला तळ टेकेल अशी वर पितळी परात, परातीत चौदा मोबाइल, मागची झाकणं काढून, पाठीवर झोपवलेले. सगळ्यांच्या वायरी एका बोर्डाला. मोबाइलांची उष्णता परातीत, परातीची पाण्यात. पाणी कोमट झालं की ते घंगाळ बदलायचे आणि कोमट पाण्यात पाय सोडून बसायचे. गुडघ्यांना बरं वाटतं म्हणायचे. बाजूला वीजघरातल्यासारखी लॉगबुकाची वही. वेळ, मोबाइलचं नाव, काय झालं, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा.

ते बघायला लोक येऊ लागले. माझ्या जिन्याशी येऊन मलाच विचारायचे, ताऱ्यावाले काका कुठे बसतात? एका शाळेच्या बाई सहावीचा अख्खा वर्ग घेऊन आल्या. मुलांनी घंगाळाभोवती गोल केला, पाण्यात बोटं घालून बघितली, शंभर प्रश्न विचारले. जाताना बाईंनी सौजन्य म्हणून वर डोकावून विचारलं की इथे काय चालतं. मी म्हटलं, टॅली.

त्या दिवशी मी घरी जाऊन भांडी फार आपटली.

माझ्या बाजूने बोलायचं तर आकडे माझ्या बाजूला होते. त्यांचे चौदा मोबाइल मिळून माझ्या जेमतेम एका यंत्राइतकं काम करायचे. मी त्यांना हे एकदा कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद नीट वाचला, मग बोर्डाला लावायचं एक छोटं मीटर आणलं, माझ्या एका यंत्राला लावलं, मग आपल्या परातीला लावलं, आणि कागदाच्या पाठीमागे लिहून दिलं की तुझी एक बाय जेवढं पाणी पिते त्याच्या निम्म्यात माझी चौदा माणसं जेवतात. मंगळवारी दुरुस्तीसाठी वीज जायची तेव्हा तर ते मुद्दाम जिना चढून यायचे. माझ्या अकरा यंत्रांचे पडदे काळे झालेले, अर्धवट काम वाया गेलेलं. त्यांचे मोबाइल बॅटरीवर सावकाश चालूच असायचे. ते काही टोमणा मारायचे नाहीत. नुसते दारात उभे राहून म्हणायचे, "काय गं, तुमच्याकडे सुट्टी वाटतं."

शेवटी मी एक काम केलं. त्यांच्या नावाने वेगळं खातं उघडलं आणि त्यांचे चौदाही मोबाइल माझ्या खात्यातून काढून त्यात टाकले. ईमेल क्लासचाच एक जादा दिला. त्यांना सांगितलं की तुमची नोंद स्वतंत्र असलेली बरी. ते खूश झाले. खरं कारण असं की कोणाच्या यंत्रांनी किती काम केलं त्या यादीत मला माझं नाव वर आणि त्यांचं पार तळाला असं वेगवेगळं बघायचं होतं. बघितलंही. चार-पाच महिने दर रविवारी बघत होते आणि बरं वाटत होतं.

मग त्या जादा ईमेलवर पत्र आलं.

पत्र इंग्रजीत होतं आणि सभ्य होतं. तुमच्या यंत्राने तपासलेल्या तुकड्यात एक नवा तारा आहे, आम्ही मोठ्या दुर्बिणीने खात्री करून घेतली आहे, तुमचं नाव छापायला परवानगी द्याल का आणि ते कसं लिहायचं ते कळवाल का. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नावाविना छापू. खाली यंत्राचं नाव होतं. जनी. दुसरं यंत्र कुठल्यातरी थंड देशातल्या माणसाचं होतं, माझ्यापेक्षा पुष्कळ भारी डेस्कटॉप. त्याने तो तुकडा पाऊण तासात संपवला होता. जनीला दीड दिवस लागला होता. उत्तर एकच आलं. लवकर केलं म्हणून कोणाचं नाव मोठ्या टायपात छापत नाहीत.

मी पत्र बंद केलं आणि कोणाला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही, दहाव्या दिवशी नाही. मनात हिशेब चालू होता. प्रोग्रॅम मी टाकला. नेट माझं. ईमेल माझा. हा उद्योग खालापुरात आणला तो मी. मोबाइल माझ्या खात्यात राहू दिले असते तर हे पत्र माझ्याच नावाने आलं असतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने काढून दिले होते. खात्यावरचं नाव बदलायला एक मिनिट लागतं. ते पान मी दोनदा उघडलं. दोनदा बंद केलं, ते कोणीतरी जिना चढत होतं म्हणून. आणखी काही न करता नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. चार दिवस गेले असते की त्यांचं नाव आपोआप गळलं असतं आणि त्यांना कधी कळलंही नसतं.

अकराव्या दिवशी काका वही घेऊन वर आले. जनीचा मोबाइल बंद पडला होता. बॅटरी पापडासारखी फुगली होती, ती काढून टाकली होती. एखादा मोबाइल कामातून गेला की त्याची निवृत्तीची ओळ लिहायची त्यांची पद्धत होती. त्यासाठी मी कॉम्प्युटरवर त्याचं पान उघडायचं आणि त्याने एकूण किती काम केलं ते सांगायचं. मी पान उघडलं. तुकडे सांगितले, त्यांनी लिहिले. त्या कामाचे मिळालेले गुण सांगितले, तेही लिहिले. मग पेन शेवटच्या रकान्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "शेरा?"

आतापर्यंत निवृत्त झालेल्या तीन मोबाइलांना मी "काही विशेष नाही" असा शेरा सांगितला होता. तेच शब्द पुन्हा म्हणायचे होते. समोर ते पेन टेकवून बसलेले, चष्मा नाकावर. वीजघरात तीस-पस्तीस वर्षं त्यांनी त्या रकान्यात घडलं तेच लिहिलं असणार. मला तोंडाने खोटं बोलायला फारसं जड गेलं नसतं. पण ते लिहून घेणार होते.

"ह्याला तारा सापडलाय," मी म्हटलं.

त्यांनी ते लिहिलं. मग वेळ लिहिली, सोळा वीस. मग चष्मा काढला आणि विचारलं की कधी. मी म्हटलं, पत्र येऊन अकरा दिवस झाले. मी काही कारण सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

पत्र वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं होतं की ते हरखून जातील, निदान दोन वेळा वाचायला लावतील. ते म्हणाले, बरं झालं, म्हणजे आता सावड त्यांच्यावर आली. मला कळेना. मग त्यांनी समजावलं. आपण त्यांच्या शेतात राबलो, पीक आलं. आता त्यांनी आपल्याकडे यायचं. त्यांचा पुतण्या खालापूरजवळच भात लावतो आणि आषाढात त्याला माणसं मिळत नाहीत. "लिही त्यांना, दोन माणसं पाठवा म्हणावं. जेवण आमच्याकडं."

मी म्हटलं, काका, ते नाव विचारतायत. नाव छापायचंय.

"नावाचं काय एवढं? तुझं घाल की. तूच तर सगळं करतेस."

इतक्या सहज म्हणाले. चहा जास्त झाला तर तू घे म्हणावं तसं. ज्या गोष्टीसाठी मी अकरा दिवस धड झोपले नव्हते, ती त्यांनी टेबलावरून माझ्याकडे सरकवली आणि वही मिटली. त्या क्षणी मला त्यांचा जितका हेवा वाटला तितका परातीचा, शाळेच्या मुलांचा, ताऱ्याचासुद्धा वाटला नव्हता. हवंच नसलेल्या माणसाला ते मिळालं होतं. त्यांच्याकडून घेऊन ते माझं होणार नव्हतं. मी म्हटलं, नियमात बसत नाही. ते म्हणाले, मग जनीचं घाल, मोबाइल तिचा.

जनी खाली पायरीवरच होती. तिला वर बोलावून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. तारा म्हणजे नक्की काय मिळालं, हातात काही येणार का, हे विचारून घेतलं. नाही म्हटल्यावर तिचं डोकं दुसरीकडे चाललं.

"मंग चांगला मोबाइल तुमीच ठेवून घेतलाव," ती काकांना म्हणाली. "मला ह्यो दिलाव. माझा तो परत द्या."

काकांनी सांगितलं की तो आज बंद पडला. जनीने फुगलेली बॅटरी बघितली, तडा गेलेला पडदा बघितला.

"मरस्तवर राबवलाव त्याला," ती म्हणाली आणि भाजीच्या टोपलीशी जाऊन बसली. पुढे आठवडाभर तिने काकांना भाजी दिली नाही. मला दिली.

त्याच संध्याकाळी मी उत्तर लिहिलं. काकांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. खाली एक ओळ घातली की आमच्या भागात कामाची परतफेड कामाने करतात, तरी आषाढात दोन माणसं लावणीला पाठवावीत, जेवणाची सोय आहे. ही ओळ गाळायचं माझ्या मनात आलं होतं. पण अकरा दिवस गाळले होते, आणखी काही गाळायची सोय उरली नव्हती. दोन दिवसांत उत्तर आलं. त्यांच्यातल्या कोणीतरी काकांना नावाने लिहिलं होतं की आमच्यापैकी कोणालाच भात लावता येत नाही, पण शिकायची तयारी आहे, यायला जमलं तर नक्की येऊ. काकांनी ते पत्र वहीत चिकटवलं आणि पुतण्याला सांगून ठेवलं. आषाढात कोणी आलं नाही. काका म्हणाले, लांबचा प्रवास आहे, पुढच्या वर्षी येतील. मला चार वर्षांत तिकडून कोणी एक ओळ लिहिली नव्हती.

निबंध यथावकाश छापून आला. आभारांत दोन नावं आहेत, त्यातलं एक त्यांचं. मी त्याची प्रत काढून दिली, तिच्यावर त्यांनी पाय पुसायचं फडकं ठेवलेलं मी पुढच्याच आठवड्यात बघितलं.

नंतर क्लासला मुलं वाढली, माडीवरची जागा पुरेना, म्हणून मी क्लास खोपोलीला हलवला. माझी यंत्रं अजून त्या कामाला आहेत. त्यांचे पंखे आता मी दर महिन्याला साफ करते. अजून काही सापडलेलं नाही.

हे वाचून कोणी विचारेल की एवढं सगळं लिहिलं आणि माणसाचं नाव कुठेच कसं नाही. त्यांचं नाव मी एकदा लिहिलं आहे, इंग्रजीत, एकेक अक्षर दोनदा तपासून, जिथे मला माझं लिहायचं होतं तिथे. पुन्हा लिहिणार नाही.